चढावर ट्रॅक्टरचा जोर जातो तेव्हा: दोष शोधण्याचा क्रम

काजूचा हंगाम सुरू झाला की गोव्यातल्या सत्तरी, सांगे, केपे, धारबांदोडा या भागांत एक तक्रार हमखास ऐकू येते. "सपाटीवर ट्रॅक्टर छान चालतो, चढण आली की दम सोडतो." तोवर मालकाने काहीतरी बदललेले असते. कुणी क्लच प्लेट टाकलेली असते, कुणी बेल्ट, कुणी डिझेल पंप उघडून घेतलेला असतो. पैसे गेलेले असतात आणि दोष मात्र तिथेच असतो.

याचे कारण साधे आहे. जोर इंजिनात तयार होतो, बेल्ट किंवा क्लचमधून पुढे जातो आणि चाक तो जमिनीला देते. या तिन्हीपैकी कुठेही तो हरवू शकतो आणि सीटवर बसलेल्याला तिन्ही वेळा एकच जाणवते: गाडी वर जात नाही. नेमके कुठे हरवतो हे ठरवल्याशिवाय पाना हातात घेऊ नये. हा सगळा लेख तेवढ्यासाठी आहे.

इथे दोन प्रकारची यंत्रे धरली आहेत. पहिले म्हणजे हिरवळ कापणारा, बसून चालवायचा लॉन ट्रॅक्टर. तो रिसॉर्टांत आणि मोठ्या बंगल्यांच्या आवारात दिसतो, बहुधा पेट्रोलवर चालतो आणि त्याला क्लच-गियरऐवजी हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशन, म्हणजे तेलाच्या दाबाने चाक फिरवणारी यंत्रणा, असते. दुसरा म्हणजे काजू, नारळ, सुपारीच्या बागेतला १५ ते २५ अश्वशक्तीचा डिझेल मिनी ट्रॅक्टर, ज्याला गियर आणि कोरडी क्लच प्लेट असते. पॉवर टिलरवाल्यांना इंजिन, बेल्ट आणि क्लचचे भाग लागू पडतील.

## हात लावण्याआधी

आधी यंत्र सपाट, टणक जमिनीवर आणा. चढावर बंद पडले असेल तर तिथेच बॉनेट उघडून बसू नका.

चढावर अडकलेला ट्रॅक्टर खाली आणताना बहुतेकांचा पाय आधी क्लचवर जातो. क्लच दाबला की इंजिनाचा रोध सुटतो आणि गाडी मागे धावते. क्रम असा ठेवा:

१. आधी ब्रेक. डावा-उजवा ब्रेक वेगळा असेल तर दोन्ही पेडलांची कडी जोडलेली हवी. एकाच चाकाला ब्रेक लागला तर ट्रॅक्टर आडवा फिरतो.

२. मागे अवजार असेल तर ते जमिनीवर टेकवा.

३. हँडब्रेक ओढा. सोबतच्या माणसाला बाजूने येऊन, कधीही मागून नाही, चाकांच्या उताराकडच्या बाजूला लाकडी पाचर लावायला सांगा. ट्रेलर असेल तर त्याच्या चाकांनाही.

४. मग रिव्हर्सचा खालचा गियर टाका आणि पाचर काढून सरळ रेषेत, क्लच पूर्ण सोडलेला ठेवून, इंजिनाच्या रोधावर हळू खाली या. ट्रेलर जोडलेला असेल आणि वाट अरुंद असेल तर दुसरा ट्रॅक्टर बोलावणे शहाणपणाचे. चढावर ट्रेलर सोडवायला जाऊ नका.

इशारा: पाचर म्हणून चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा, तुकडा लावू नका. आपल्याकडे तो हाताशी असतो म्हणून सगळे तोच लावतात. पण चिरा भाराखाली फुटतो, आणि भिजलेला तर बघता बघता चुरतो. ट्रॅक्टर जॅकवर उचलून चिऱ्यांवर ठेवणे त्याहून वाईट. जाड लाकडी ठोकळे किंवा लोखंडी स्टँडच वापरा.

सामान फार लागत नाही: पान्यांचा संच, टॉर्च, टायरची हवा मोजायचे मीटर, फूटपट्टी, स्वच्छ पारदर्शक बाटली, चिंध्या आणि यंत्राची पुस्तिका. ट्रान्समिशनचे तेल, क्लचचा प्ले (पेडलचा मोकळा प्रवास), टायरची हवा यांचे आकडे प्रत्येक मॉडेलला वेगळे असतात आणि शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरचा आकडा तुमच्या कामाचा नाही.

बेल्टजवळ किंवा पात्याजवळ हात घालण्याआधी इंजिन बंद, चावी खिशात, पेट्रोल इंजिन असेल तर प्लगची टोपी काढून बाजूला. हे दर वेळी.

## टप्पा १: दोष यंत्राचा की चढाचा?

पहिल्यांदा चढ मोजा. एक मीटर लांब सरळ रीप घ्या. तिचे एक टोक चढाच्या वरच्या अंगाला जमिनीवर टेकवा, दुसरे टोक हवेत धरून रीप आडवी समपातळीत आणा. पाणपट्टी नसेल तर अर्धी भरलेली बाटली रीपेवर आडवी ठेवली तरी पातळी कळते. आता हवेतल्या टोकापासून जमीन किती खाली आहे ते मोजा. १८ सेंटीमीटर म्हणजे सुमारे १० अंश, २७ सेंटीमीटर म्हणजे १५ अंश. बसून चालवायच्या बहुतेक लॉन ट्रॅक्टरांच्या पुस्तिकेत १५ अंशांच्या वर नेऊ नका असे असते, काहींत तर १० अंशांच्याही. डोळ्याला "थोडासा चढ" वाटणारी बांधालगतची वाट मोजली की पुष्कळदा या मर्यादेबाहेर निघते.

मग भार आणि गियर पाहा. ट्रॅक्टर आणि भरलेला ट्रेलर मिळून १५०० किलो धरा. १५ अंशांच्या चढावर नुसते वर खेचायलाच जवळपास ३९० किलोची ओढ लागते. ताशी ५ किलोमीटर वेगाने जायचे तर त्यासाठी चाकावर सुमारे ७ अश्वशक्ती हवी. ताशी १० ने जायचे तर १४. यात मऊ मातीचा रोध आणि गियरमध्ये वाया जाणारा जोर धरलेलाच नाही. म्हणजे १८ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर त्या चढावर वरच्या गियरमध्ये बसला तर त्यात बिघाड काही नाही, गियर चुकला.

तपासा: तोच चढ, ट्रेलर रिकामा, चढ सुरू होण्याआधीच टाकलेला लो गियर, आणि थ्रॉटल पुरेसा उघडलेला. असा ट्रॅक्टर न अडखळता वर गेला, तर यंत्र ठीक आहे. भार कमी करा, दोन फेऱ्या करा. तरीही दम सोडला तर पुढे वाचा.

चढावर मध्येच गियर बदलणे ही गोव्यातल्या अरुंद वाटांवर सर्रास दिसणारी चूक. त्या क्षणी गाडी कशालाच धरून नसते, आणि अर्ध्या क्लचवर पुन्हा उचलताना प्लेट जळते. ज्या गियरमध्ये वर पोचायचे तोच खाली टाकून घ्या.

## टप्पा २: आवाज ऐका, चाक पाहा

याला दोन माणसे लागतात. एकाने हळू, लो गियरमध्ये चढावर न्यायचे. दुसऱ्याने वरच्या बाजूला, पण कडेला दूर उभे राहून मागची चाके आणि धुराडे पाहायचे. ट्रॅक्टरच्या मागे किंवा खालच्या अंगाला कुणीही नको. चढ कमीत कमी घ्या, दोष दिसेल इतकाच.

आता तीनपैकी एक काहीतरी होईल.

इंजिनाचा आवाज जड होतो, उतरत जातो, बंद पडायला येतो. चाकापर्यंत भार पोचतो आहे, इंजिनच कमी पडते. टप्पा ४.

इंजिन जोरात चालते, कधी आवाज वाढतोही, पण चाके हळू होतात किंवा थांबतात. जोर तयार होतो आहे, वाटेत हरवतो. लॉन ट्रॅक्टर असेल तर टप्पा ५ आणि ६, गियरचा ट्रॅक्टर असेल तर टप्पा ७.

चाके फिरतात, माती उडते, गाडी तिथेच. पकड नाही. टप्पा ३.

एक चौथा प्रकार लॉन ट्रॅक्टरवर दिसतो. आवाज न उतरता इंजिन एकदम झटका देऊन बंद होते, पुन्हा चावी मारली की लगेच चालू. इथे सीटखालचा सुरक्षा स्विच बघा. चढावर चालवणारा मागे रेलतो किंवा एका अंगाला झुकतो, सीट हलते आणि सैल किंवा गंजलेला स्विच "माणूस उतरला" असे समजून इंजिन तोडतो. स्विच साफ करा, सीटची स्प्रिंग आणि वायरचा जोड तपासा, लागला तर नवा टाका. तार जोडून स्विच कायमचा बाद करून देणारे मेकॅनिक भेटतील. ते करू देऊ नका. पाते फिरत असलेल्या यंत्रावरून उतारावर माणूस पडला तर वाचवणारी तीच एक गोष्ट आहे.

कागदावर एवढे लिहून ठेवा: थंड असताना होते की अर्ध्या तासाने? टाकी किती भरलेली होती? धुराचा रंग कोणता? पुढचे निम्मे काम या तीन उत्तरांवर होते.

## टप्पा ३: पकड

हे लवकर आटोपते. टायरमधली हवा पुस्तिकेप्रमाणे आहे का पाहा. रस्त्यावर पळवण्यासाठी टणक भरलेला टायर बागेत घसरतो. मागच्या टायरवरच्या बाणाची दिशा पाहा. पंक्चर काढताना टायर उलटा बसवलेला असू शकतो, आणि मग नक्षी माती धरायच्या ऐवजी त्यात भरून बसते. फोर व्हील ड्राइव्ह असेल तर त्याचा दांडा खरोखर पूर्ण बसला का, तेही.

बाकी दोष जमिनीचा असतो. वाळलेल्या काजूच्या पानांचा थर टणक लाल मातीवर चाकाला टेकूच देत नाही, आणि पावसाळ्यात कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) वाटेवरचे शेवाळही तसेच. पाने ओढून काढा, वाट मोकळी करा. एक चाक फिरत असेल आणि दुसरे थांबले असेल तर दोन्ही चाके एकत्र फिरवणारा डिफरन्शियल लॉक वापरा, पण गाडी सरळ असतानाच, आणि चाक फिरायचे थांबल्यावर. वळणावर लॉक तसाच राहिला तर ट्रॅक्टर वळत नाही.

पुढची चाके उचलली जात असतील तर थांबा, पुढे जाऊ नका. पुढे वजन लावा, ओढायचा भार फक्त खालच्या ड्रॉबारला, म्हणजे मागच्या ओढपट्टीला, जोडा. अवजार जोडायच्या वरच्या दांड्याला (टॉप लिंकला) किंवा धुरीला (अ‍ॅक्सलला) साखळी बांधून चढावर ओढले की ट्रॅक्टर मागे उलटतो, आणि ते इतक्या झटकन होते की क्लच दाबायला वेळ मिळत नाही.

## टप्पा ४: इंजिन कमी पडते

धुराने सुरुवात करा. डिझेलवर चढताना काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा भार जास्त. धूर जवळपास नाही आणि इंजिन मंदावते, म्हणजे डिझेल पोचत नाही. निळसर धूर म्हणजे तेल जळते, तिथे इंजिनाचे काम निघेल.

### हवा

आपल्या चिऱ्याच्या मातीची धूळ फार बारीक असते. मार्च-एप्रिलमध्ये काही दिवसांतच फिल्टरच्या घड्यांत तिचा लाल थर बसतो, आणि दमट हवेत तो थर ओला होऊन घट्ट धरतो. बाहेरून फुंकर मारली की वरची धूळ उडते, फिल्टर साफ दिसतो, घड्यांच्या मुळाशी मात्र लेप तसाच राहतो.

कागदी फिल्टर काढा आणि आतून टॉर्च धरा. उजेड सगळीकडून सारखा दिसला पाहिजे. काळोखे पट्टे दिसले तर कमी दाबाच्या हवेने आतून बाहेर फुंका. तरीही पट्टे राहिले तर फिल्टर बदला. कागदी फिल्टर पेट्रोल, रॉकेल किंवा साबणाने धुऊ नका. फोमचे आवरण धुता येते, साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवून थोडे इंजिन तेल चोळून बसवा.

तेलाच्या वाटीचा फिल्टर असेल तर वाटीतली खूण पाहा. तेल खुणेच्या वर भरले की हवेची वाट अडते. जास्त भरले की जास्त धूळ धरेल, असे मानून पुष्कळ जण वाटी काठोकाठ भरतात. त्यातच चढावर दम जातो.

### इंधन

फक्त चढावर होणारा दोष सर्वांत जास्त इथे सापडतो, आणि सर्वांत कमी वेळा इथे शोधला जातो. चढावर टाकी कलते, इंधन एका बाजूला जाते, आणि इंधन ओढणारे तोंड दुसऱ्या बाजूला असेल तर त्यात हवा शिरते. त्याच वेळी इंजिन जास्त इंधन मागत असते. सपाटीवर अर्ध्या वाटेने आलेले इंधन पुरते, चढावर पुरत नाही.

क्रमाने करा:

१. टाकी पूर्ण भरा आणि पुन्हा चढावर न्या. दोष गेला तर तो पातळीचा होता. चढावरच्या कामाला अर्ध्याच्या खाली टाकी ठेवू नका, आणि आतली इंधन ओढणारी नळी तुटलेली नाही ना ते पाहा.

२. दोष राहिला तर दम सोडताच, गाडी सुरक्षित थांबवून इंजिन बंद झाल्यावर, टाकीचे झाकण हळू सैल करा. "स्सss" असा हवा आत ओढल्याचा आवाज आला, तर झाकणाचे श्वासछिद्र बुजले आहे. पावसाळाभर शेडमध्ये पडून राहिलेल्या यंत्राच्या असल्या बारीक भोकांत कुंभारीण माशी मातीचे घर करते. तारेने भोक मोकळे करा, माती टाकीत पडू देऊ नका.

३. फिल्टरच्या पुढची नळी सोडून बाटलीत धरा. पेट्रोलचे असेल तर इंजिन थंड, उघडी जागा, जवळ विडी-सिगारेट नाही. धार सलग हवी. थांबत थांबत येत असेल तर मागे जात शोधा: फिल्टर, नळी, टाकीचा कॉक, आतली जाळी.

४. बाटलीतले इंधन दहा-पंधरा मिनिटे स्थिर ठेवा. डिझेलमध्ये तळाला वेगळा थर दिसला तर ते पाणी. फिल्टरखालचा ड्रेन स्क्रू उघडून स्वच्छ डिझेल येईपर्यंत सोडा, टाकीचा तळही काढा. जून ते सप्टेंबर अर्धी रिकामी टाकी उभी राहिली की आत दव धरते. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल मिसळलेले असते आणि ते हवेतला ओलावा ओढते. गेल्या पावसाळ्यातले पेट्रोल टाकीत असेल तर ते काढून ताजे भरा, मग बाकी तपास करा.

५. डिझेलचा फिल्टर बदलला किंवा नळी सोडली की आत हवा राहते. फिल्टरचा ब्लीड स्क्रू (हवा सोडायचा स्क्रू) सैल करून हातपंप मारत राहा. बुडबुडे थांबून सलग डिझेल आले की स्क्रू पंप चालू असतानाच आवळा. मग पंपाच्या स्क्रूवर तेच.

इशारा: पंपापासून नोझलकडे (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोटीकडे) जाणाऱ्या लोखंडी नळ्यांची गळती बोटाने चाचपू नका. त्या दाबाने आलेले डिझेल कातडी भेदून आत जाते. गळती पुठ्ठ्याच्या तुकड्याने पाहा, आणि लागलेच तर जखम छोटी दिसली तरी लगेच दवाखाना गाठा.

### उष्णता आणि थ्रॉटल

अर्ध्या तासाने दम जात असेल तर रेडिएटरची जाळी पाहा. सुपारीच्या सालीचे तंतू आणि पानांचा चुरा जाळीच्या आत, रेडिएटरच्या पापुद्र्यांत बसतो. बाहेरची जाळी साफ दिसते म्हणून फसू नका. लॉन ट्रॅक्टरवर इंजिनाचे पत्र्याचे आवरण काढा. यंत्र बरेच दिवस पडून राहिल्यावर पहिल्यांदा काढले की आत उंदराचे घरटे मिळणे नवीन नाही.

शेवटी कुणीतरी पेडल पूर्ण दाबावे आणि तुम्ही इंजिनजवळ पाहावे: थ्रॉटलचा दांडा शेवटच्या स्क्रूला टेकतो का? बारदेश-सासष्टीच्या किनारपट्टीला खाऱ्या हवेत केबल आतून गंजते, पेडल जमिनीला लागते पण दांडा पाऊण वाटेतच राहतो. हे पाच मिनिटांचे काम आहे आणि यासाठी डिझेल पंप उघडलेले मी पाहिले आहेत.

## टप्पा ५: बेल्ट

लॉन ट्रॅक्टरवर इंजिनापासून ट्रान्समिशनपर्यंतचा जोर एका बेल्टवर असतो. तो ताणून धरायला स्प्रिंगवर चालणारी ताणपुली असते.

इंजिन बंद, प्लगची टोपी काढलेली. टॉर्च घेऊन खाली वाका.

पुलीभोवती, चासिसच्या आतल्या बाजूला काळी रबराची भुकटी दिसते का? दिसली तर बेल्ट घसरतो आहे, यात शंका नाही. मग बेल्टच्या दोन्ही बाजू पाहा. व्ही बेल्ट बाजूंनी पकडतो, तळाने नाही. बाजू काचेसारख्या चकचकीत झाल्या असतील तर पकड गेली. पुलीच्या खाचेचा तळ घासून चमकत असेल तर बेल्ट झिजून बारीक झाला आणि तळाला टेकतो आहे. असा बेल्ट कितीही ताणला तरी भाराखाली घसरणारच.

आता बेल्ट चांगला दिसला तरी थांबू नका. ताणपुलीचा हात हाताने ओढून सोडा. तो झटकन परत यायला हवा. आपल्याकडच्या दमट हवेत त्या हाताचा खिळा गंजतो आणि हात अर्ध्यावर अडकतो. स्प्रिंग चांगली, बेल्ट चांगला, तरी ताण नाही. खिळा काढून घासा, ग्रीस लावा. स्प्रिंगच्या कड्या न ताणता एकमेकींना चिकटत नसतील तर स्प्रिंग बदला. ताणपुली बोटाने फिरवा, खरखर आली तर बेअरिंग गेले.

बेल्टवर तेल दिसले तर ते कुठून येते ते आधी शोधा. इंजिनाच्या खालच्या सीलमधून गळत असेल तर नवा बेल्टही आठवड्यात घसरेल.

नेहमीच्या चुका. पहिली, राळ किंवा बेल्टचा स्प्रे मारणे. एक-दोन फेऱ्या निघतात, मग त्यावर लाल धूळ चिकटून बेल्ट आणखी लवकर जातो. दुसरी, लांबी मोजून दुकानातला साधा बेल्ट बसवणे. या यंत्रांचे बेल्ट पुष्कळदा अरामिड धाग्याचे असतात, सुटत-पकडत चालण्यासाठी बनवलेले. साधा बेल्ट तापतो, लांबतो. पार्ट नंबर नेऊनच बेल्ट आणा. तिसरी, जुना बेल्ट काढण्याआधी त्याच्या वाटेचा फोटो न घेणे. एका पिनेच्या चुकीच्या बाजूने गेलेला बेल्ट सपाटीवर चालतो आणि चढावर पिनेला घासून सुटतो.

पॉवर टिलरला एकाहून जास्त बेल्ट असतात. ते संचानेच बदला. एक नवा आणि बाकी जुने ठेवले तर सगळा भार नव्यावर येतो.

## टप्पा ६: हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशन

बेल्ट पक्का ठरल्यावरच इथे या. या ट्रान्समिशनमध्ये पंप तेल ढकलतो आणि मोटर त्या दाबाने चाक फिरवते. दाब कुठेतरी सुटला की इंजिन जोरात आणि चाक थंड.

बायपास दांडा. बंद यंत्र ढकलण्यासाठी असलेला हा दांडा तेलाला पळवाट देतो. तो पूर्ण परत गेलेला नसेल, सळई वाकली असेल, गंजून अर्ध्यावर अडकली असेल, तर सपाटीवर यंत्र चालते आणि चढावर सोडते. दुसऱ्या टोकाला ट्रान्समिशनवरचा छोटा हात प्रत्यक्ष पाहा. वरचा दांडा आत गेला म्हणजे खालचा हात फिरलाच असे नाही.

इशारा: उतारावर बायपास कधीही उघडू नका. या यंत्राला उतारावर धरून ठेवणारे ट्रान्समिशनच असते. बायपास उघडला की ते मोकळे पळते. त्याच कारणाने, चढायला कमजोर झालेले यंत्र उतरतानाही धरत नाही. दुरुस्त होईपर्यंत ते उतारावर नेऊच नका.

पेडलचा प्रवास. इंजिन बंद ठेवून पेडल पूर्ण दाबा. ट्रान्समिशनवरचा कंट्रोल हात शेवटपर्यंत जातो का? जोडाचे बुश झिजले की इंचभर प्रवास वाया जातो. तसेच पार्किंग ब्रेक सोडल्यावरही ब्रेकचा हात मोकळा होतो का ते पाहा.

चाकाची की. धुरी आणि चाकाच्या हबमध्ये त्यांना जोडून धरणारी छोटी लोखंडी पट्टी, म्हणजे 'की', असते. ती कापली गेली की धुरी फिरते आणि चाक थांबते. हबवर आणि धुरीच्या टोकावर खडूने एकच रेघ ओढा, थोडे चालवा. रेघ तुटली तर दोष सापडला. ट्रान्समिशन उतरवण्याआधी ही खडूची रेघ ओढलीच पाहिजे.

पंखा आणि तेल. ट्रान्समिशनवरच्या छोट्या प्लास्टिक पंख्याची पाती तुटली, किंवा पापुद्र्यांवर ओल्या गवताचा थर वाळला, की तेल तापून पातळ होते. थंड असताना चढतो, वीस-तीस मिनिटांनी सोडतो, हे त्याचे लक्षण. साफ करा, पंखा बदला. तेलाची पातळी यंत्र थंड असताना पाहा. तेल दुधासारखे दिसले तर पाणी शिरले आहे, पूर्ण बदला. काही ट्रान्समिशनना २०डब्ल्यू-५० इंजिन तेल चालते, काहींना वेगळे लागते. पुस्तिकेबाहेर जाऊ नका.

तेल बदलले की आतली हवा काढावी लागते, आणि इथेच काम अर्धवट राहते. मागची दोन्ही चाके स्टँडवर, पुढच्या चाकांना पाचर. बायपास उघडा, इंजिन मंद चालू ठेवा, पेडल हळू पुढे आणि मागे पाच-सहा वेळा न्या. मग इंजिन बंद करून बायपास मिटवा, पुन्हा चालू करून तेच पाच-सहा वेळा. इंजिन बंद करून पातळी पाहा, उतरली असेल तर भरा. पुढे-मागे चाल सारखी आणि आवाज गुळगुळीत होईपर्यंत पुन्हा करा.

एवढे करूनही गरम झाल्यावर सोडत असेल तर आत पंप-मोटर झिजले आहेत. जास्त जाड तेल भरून काही दिवस ढकलता येतात, पण थंड सकाळी तेच तेल त्रास देते आणि झीज थांबत नाही. माझे मत असे, की तो खर्च तेलावर न करता ट्रान्समिशन उघडण्यासाठी राखावा.

## टप्पा ७: गियरच्या ट्रॅक्टरचा क्लच

आधी पेडलचा मोकळा प्रवास मोजा. पेडल हाताने दाबत जा, जिथे जड लागते तिथपर्यंत किती गेले ते फूटपट्टीने. बहुतेक लहान ट्रॅक्टरांत हे २० ते ३० मिलिमीटरच्या आसपास असते, नेमका आकडा पुस्तिकेत. प्ले उरलाच नसेल तर क्लच सोडवणारे बेअरिंग सतत टेकलेले राहते आणि प्लेट अर्धवट सुटलेली. पेडलच्या सळईचा लॉकनट सैल करून प्ले आणा, नट पुन्हा आवळा. कित्येकदा दोष इथेच मिटतो, प्लेट उतरवावी लागत नाही.

मग एकदाच ही चाचणी. सपाट जागा, समोर मोकळे, हँडब्रेक पक्का, पाय ब्रेकवर. वरचा गियर टाका, मध्यम थ्रॉटल, क्लच हळू सोडा. इंजिन दबून बंद पडले पाहिजे. चालूच राहिले तर क्लच घसरतो. पुन्हापुन्हा करू नका, प्रत्येक वेळी प्लेट जळते.

घसरतो हे कळल्यावर बेल हाउसिंगच्या (क्लच झाकणाऱ्या लोखंडी आवरणाच्या) तळाच्या भोकाखाली रात्रभर पुठ्ठा ठेवा. सकाळी तेलाचा डाग दिसला तर सील गळते आहे. नुसती प्लेट बदलून गाडी जोडली तर नवी प्लेटही तेल पिईल. प्लेट आणि सील एकाच वेळी करून घ्या, ट्रॅक्टर दोनदा मधून उघडायची मजुरी वाचेल.

आणि चालवणाऱ्याचा पाय पाहा. क्लचवर पाय ठेवून चालवणारा, चढावर अर्ध्या क्लचने ट्रॅक्टर तोलून धरणारा ड्रायव्हर असेल तर नवी प्लेट एका हंगामात जाते.

## टप्पा ८: पुन्हा चढावर

दुरुस्तीनंतर थेट भरलेला ट्रेलर जोडू नका. आधी सपाटीवर ब्रेक तपासा, मग कमी चढ आणि रिकामे यंत्र, मग मूळ चढ रिकामा. यंत्र अर्धा तास चालवून तापल्यावर तोच चढ पुन्हा, कारण थंड यंत्राने दिलेली परीक्षा गरम यंत्राला लागू होत नाही. मग अर्धा भार. लॉन ट्रॅक्टर चढावर सरळ वर-खाली चालवा, आडवा नको. तीव्र जागी मिनी ट्रॅक्टर रिकामा असेल तर रिव्हर्समध्ये वर नेणे आणि पुढे तोंड करून उतरणे जास्त सुरक्षित.

फिटरकडे न्यायची वेळ आलीच तर "चढत नाही" एवढेच सांगू नका. आवाज उतरतो की वाढतो, थंड की गरम, धुराचा रंग, टाकी किती, काय काय तपासले आणि काय बदलले, हे लिहून द्या. बदललेला जुना भाग परत मागून घ्या आणि स्वतः पाहा: बेल्टच्या बाजू, प्लेटवरचे तेल, फिल्टरमधली माती.

पॉवर टिलरचे नवे बेल्ट पहिल्या काही तासांत बसतात आणि सैल होतात. दिवसभराच्या कामानंतर ताण पुन्हा पाहा. नव्या प्लेटचा प्लेही आठवड्याने एकदा मोजा.